दामूची शेवटची चढाई

माझ्या नेमणुकीच्या पत्रात ‘शारीरिक शिक्षण संचालक’ असं भारदस्त पद लिहिलं होतं. संचालन करायला कॉलेजने मला एक शिट्टी दिली, रेषा आखायच्या फक्कीची बादली दिली आणि भातकापणी झाली की मोकळं होणारं एक शेत दिलं. जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. कॉलेज नवीन होतं, खाडीच्या काठाला, अर्ध्या भिंती विटांच्या आणि अर्ध्या कुडाच्या. पावसाळाभर आमच्या मैदानात पाणी, आणि त्या पाण्यात दुसऱ्याचं भात उभं. दिवाळीनंतर शेतमालक “आता घ्या” म्हणाला की आम्ही ढेकळं फोडायला लागायचो. मैदान जरा पायाखाली बसलं की परीक्षा यायच्या.

माझं काम नेमकं काय ते लोकांना कळत नसे. एक पालक मुद्दाम भेटायला आले आणि विचारू लागले, “तुमचा पेपर किती मार्कांचा?” मी म्हटलं, खेळाला पेपर नसतो. ते विचारात पडले. “मग पगार कशाचा?” प्रश्न रास्त होता. पहिली काही वर्षं प्राध्यापकांच्या खोलीतही तो मला बऱ्याच चेहऱ्यांवर दिसायचा. तर्कशास्त्राचे प्राध्यापक तेवढे आपणहून मदतीला येत. एका क्रीडादिनी मी त्यांच्या हातात स्टॉपवॉच दिलं. शर्यत सुरू झाली आणि ते इतके रंगले, की टोपी हातात घेऊन ओरडत राहिले. घड्याळ चालू करायचंच राहून गेलं. पहिल्या आलेल्या मुलाची वेळ विचारली तर म्हणाले, “उत्कृष्ट!” आम्ही तीच नोंदवली.

असे किस्से पुष्कळ आहेत आणि ते मी निवृत्तीनंतर सगळ्यांना सांगून झालेत. दामूची हकीकत मात्र मी आजवर कुठे सांगितली नव्हती. सांगायची मोकळीक नव्हती. आता त्याची स्वतःचीच मुलं कॉलेजात जायला लागली आहेत, आणि त्याला विचारूनच हे लिहितो आहे.

दामू, म्हणजे दामोदर, खाडीकाठच्या खारपाटातल्या एका गावचा. घरची भातशेती. वडील गोमाजी, गावात शब्दाला वजन असलेला माणूस. दामू आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघाचा चढाईपटू होता. उंची बेताची, पण त्याच्यासारखा दम मी दुसऱ्या कुणाचा ऐकला नाही.

दम म्हणजे काय हे न खेळलेल्यांसाठी सांगतो. चढाई करणाऱ्याने एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत समोरच्यांच्या अंगणात जायचं आणि त्याच श्वासात परत यायचं. मध्ये श्वास घेतला की दम तुटला, गडी बाद. बाहेरच्यांना वाटतं पंच पाय बघतो. पाय दिसतात, त्यात मोठंसं काही नाही. अवघड काम कानांचं. काही मुलं शब्द ओठांत घोळवून नाकाने हळूच हवा चोरतात. बघे ओरडत असतात, धूळ उडत असते, आणि त्या गलक्यातून पंचाला एका छातीचा आवाज वेगळा काढावा लागतो. हळूहळू कान तयार होतो. पुढे पुढे मला डोळे मिटूनही कोण चढाईला गेलाय ते सांगता यायचं. दामूचा दम खर्जातला होता. भिंतीपलीकडे कुणी जातं ओढावं तसा, एका पट्टीत, सावकाश आणि न थकणारा.

आसपासच्या गावांत सामने असले की पंच म्हणून मला बोलावणं येई. त्या वर्षी होळीच्या सुमारास दामूच्या गावी स्पर्धा होती, जिंकणाऱ्या संघाला पितळी ढाल. कापलेल्या शेतात पेंढा पसरून बसायची सोय केलेली, गावोगावची माणसं बैलगाड्यांनी आलेली. शेवटचा सामना दामूचं गाव आणि बंदरावरचा संघ यांच्यात लागला. बंदराकडून यूसुफ खेळत होता. यूसुफ बंदरावरच्या कोकणी मुसलमान घरातला, वडील बोटीवर नोकरीला. कॉलेजच्या संघात तो आणि दामू एका बाजूने खेळत, वसतिगृहात एका खोलीत राहत. गावच्या सामन्यात मात्र ज्याचा तो आपापल्या गावाचा.

दुपारचं माझं जेवण दामूच्याच घरी झालं. पंच परगावचा, कुणाच्या तरी घरी जेवायचाच. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. गोमाजींनी आग्रह करकरून वाढलं.

सामना शेवटपर्यंत बरोबरीत राहिला. मला मधूनच दामूचा दम नेहमीपेक्षा वर चढल्यासारखा वाटत होता. खर्ज सुटला होता. तुटला नव्हता, म्हणून मी काही बोललो नाही. शेवटची चढाई त्याचीच आली. तो आत घुसला, एकाला हात लावला आणि वळला, तोच यूसुफने त्याचा घोटा धरला. मागून तिघे अंगावर पडले. दामू पोटावर सरकत मध्यरेषेकडे निघाला. आवाज येत होता. मग एक आचका आला, अगदी बारीक, सुतळी तुटावी तसा. त्यापुढची ‘कबड्डी’ नव्या श्वासातली होती. त्यानंतर त्याची बोटं रेषेला लागली.

गाव उठून नाचायला लागलं. मी शिट्टी मारली.

“दम आधी तुटला. गडी बाद.”

गोमाजी थेट मैदानात आले. डोक्याचं मुंडासं सुटलेलं.

“मास्तर, दुपारी माझ्या घरात जेवलात आनि सांजच्याला माझ्याच पोराचा गळा कापलात! कोनी ऐकला दम तुटलेला? सांगा, कोनी ऐकला?”

“मी ऐकला, गोमाजीभाऊ.”

“एवढं गाव बहिरं आनि तुमी एकटे कानांचे?”

माणसं माझ्याभोवती जमू लागली. मी दामूकडे पाहिलं. तो खरं-खोटं करायला आला नव्हता. गुडघ्यांवर बसून, तोंड फिरवून खोकत होता. खोकून झाल्यावर त्याने तळहाताकडे पाहिलं आणि हात पटकन बनियनला पुसला. तेवढं मला दिसलं. मग ढाल जिंकलेल्या बंदरकऱ्यांनीच मला मध्ये घेऊन होडीच्या धक्क्यापर्यंत पोचवलं, त्यामुळे संशयाला आणखी जागा झाली.

दोन दिवसांनी यूसुफ माझ्या खोलीवर आला. दारातच उभा राहून चपलेच्या अंगठ्याशी चाळा करीत म्हणाला, “सर, दामूला सांगू नका मी आलो होतो.”

“काय झालं?”

“तो रात्री खोकतो. उशी तोंडावर दाबून. मला वाटतं त्याला वाटतं मी झोपलोय. खुदाशप्पथ सर, मी त्या दिवशी पाय धरला तर घोट्याला चटका बसला हाताला. अंगात ताप होता त्याच्या.”

मी दामूला बोलावलं. तो आधी सर्दी म्हणाला. कधीपासून, विचारलं तर म्हणाला, भात कापल्यापासून. भात कापून चार महिने होऊन गेले होते.

“घरी सांगितलंस?”

“नाही सर. बहिणीचं ठरतंय घरात.” मग म्हणाला, “तुम्हीही सांगू नका.”

त्या काळात क्षय म्हटलं की माणसं घराच्या पायरीवरचं पाणीसुद्धा घेत नसत. औषधं निघाली होती, सुया आणि गोळ्या मिळायला लागल्या होत्या, माणसं बरी होत होती. पण ती बातमी खाडी ओलांडून गावांपर्यंत आली नव्हती. ज्या घरात तो आजार निघेल त्या घरची मुलगी कुणी करणार नाही, हे दामूला ठाऊक होतं आणि मलाही. तरी मी गोमाजींना निरोप धाडला. ते आले, पण बसले नाहीत.

“मुलाची छाती तपासून घ्यायला हवी,” मी म्हटलं.

“कशापायी?”

“दम असा एकाएकी तुटत नाही त्याचा.”

गोमाजींचा चेहरा ताठ झाला. “आदी पोराला बाद केलात. आता रोगी ठरवताय, आपली चूक झाकायला. मास्तर, माझ्या पोराला काय बी झालेलं न्हाय. आनि ह्यो शब्द पुन्यांदा तोंडातून काढू नका.” ते वळले आणि छत्री काखेत मारून चालू लागले.

दामू बापाच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता. त्याला एकट्याला इस्पितळात न्यावं तर वसतिगृहात संध्याकाळपर्यंत कळलं असतं आणि आठवड्याच्या बाजारापर्यंत गावात. मी दोन दिवस मैदानाभोवती फेऱ्या मारल्या आणि मग प्राचार्यांकडे गेलो.

“विद्यापीठाच्या स्पर्धांआधी सगळ्या संघाच्या छातीची तपासणी सक्तीची आहे,” मी सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. “असा नियम आहे?”

“उद्यापासून आहे.”

“कोणाचा?”

“आपला.”

प्राचार्य गणिताचे होते, शब्द जपून वापरायचे. त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि सूचना काढली. तिच्यावर सही करताना एवढंच म्हणाले, “नियम आहे तर तुमचीही तपासणी होऊ द्या.”

आम्ही सगळे एस.टी.ने जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात गेलो. मुलांना ती सहलच होती. ‘छातीचा फोटो’ काढणार म्हटल्यावर बहुतेकांनी केसांना तेल लावून भांग पाडले होते. यूसुफ तर कुणाचा तरी इस्त्रीचा कोट मागून घालून आला होता. यंत्रावरचा माणूस म्हणाला, “अरे, चेहरा नाही यायचा यात, बरगड्या येणार.” सगळे हसले. दामूने भांग पाडला नव्हता. तो रांगेत शेवटी उभा राहिला. मी त्याच्या पुढे.

डॉक्टरांनी ओल्या फिल्म खिडकीच्या उजेडात धरून एकेक पाहिल्या. बाजूला ठेवल्या त्या दोन. एक दामूची. उजव्या बाजूला वर डाग होता, चांगला पसरलेला. दुसरी कोणाची म्हणून मी विचारलं, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा स्वतःचंच नाव आलं. ती यूसुफची होती.

“याची नुकती सुरुवात आहे,” डॉक्टर म्हणाले. “एका खोलीत राहतात का दोघे? हा आणखी वर्षभर आला नसता तर याचंही त्या दुसऱ्यासारखंच झालं असतं.”

दोघांना इस्पितळाच्या आवारात एका बाकावर बसवून मी सांगितलं. दामूने मान खाली घातली. यूसुफकडे बघण्याचं धैर्य त्याला होईना. यूसुफ आधी घाबरला, कोटाची बटणं लावली-काढली. मग त्यानेच दामूच्या पाठीवर हात ठेवला. “तुझ्यामुळे झाला तसा तुझ्यामुळे सापडला. हिशोब फिटला. आता रडू नकोस, माझ्या अम्मीला मलाच समजवायचंय.”

त्याच्या आईने त्याला घरीच ठेवलं, स्थानिक डॉक्टरकडून सुया टोचवल्या, अंडी आणि दूध चारून गोल केलं. पुढच्या वर्षाअखेर तो पुन्हा खेळायला लागला. काही वर्षांनी कुवेतला गेला; जाण्याआधी मुंबईच्या डॉक्टरांनी छाती तपासून पास केलं, तेव्हा मला खास पेढे पाठवले.

दामूचं तसं सोपं नव्हतं. मी बांधावरून चालत त्याच्या गावी गेलो. गोमाजी खळ्यात पेंढ्याची उडवी रचत होते. मी जे होतं ते सांगितलं. ते पेंढ्यांचे भारे एकावर एक टाकत राहिले, उडवी पुरी होईपर्यंत थांबले नाहीत. मग खाली उतरून माझ्यासमोर बसले. पहिल्या दिवशीचा आवाज राहिला नव्हता.

“मरंल का?”

“नाही. वेळेवर सापडलंय. दीड-दोन वर्षं औषध घ्यावं लागेल. घाटावर आरोग्यधाम आहे, तिथे मी सोय करतो.”

“पोरीचं लगीन वैशाखात धरलंय.” त्यांनी आत घराकडे पाहिलं. “तिकडच्यांना कळलं तर मोडतील. मास्तर, तुमच्या तोंडातून गावात शब्द जायला नको.”

“जाणार नाही.”

दामू घाटावर गेला. गावात सांगितलं गेलं की तो मुंबईला मामाकडे कामाला गेला. गावाने त्यात आपली भर घातली: पंचाने भर मैदानात अपमान केला, पोरगं शरमेने कॉलेज सोडून गेलं. ऐकायला ती गोष्ट चांगली होती आणि खाडीच्या दोन्ही काठांना पसरली. त्यानंतर दोन-तीन हंगाम मला एकाही गावातून पंच म्हणून बोलावणं आलं नाही. माणगावच्या बाजारात एकदा आंबाडीची जुडी घेत होतो, तर भाजीवाला शेजारच्याला म्हणाला, “हेच ते दम तोडनारे मास्तर.” मी जुडी घेतली आणि पुढे गेलो. खोटं सांगणार नाही, लागलं. पंचाकडे दुसरं काय असतं? लोकांनी त्याच्या कानावर विश्वास ठेवला तर तो पंच, नाहीतर शिट्टी घेतलेला माणूस.

मधूनमधून मी दामूला भेटायला घाटावर जात असे. ओसरीवर ओळीने खाटा, समोर सुरूची झाडं. अंगावर घोंगडी घेऊन तो बसलेला असायचा. एकदा म्हणाला, “डॉक्टर दर सकाळी म्हणतात, दीर्घ श्वास घ्या. सर, इतकी वर्षं मी श्वास न घ्यायला शिकलो. आता हे उलटं शिकायचं.” मी कॉलेजच्या संघाच्या बातम्या सांगायचो. गावातल्या बोलण्याबद्दल त्याने कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण त्याला ते कुठून तरी कळलं असावं.

बहिणीचं लग्न पार पडलं. दामू बरा होऊन आला, बी.ए. झाला, आणि तालुक्याच्या एका शाळेत शिक्षक म्हणून लागला. डॉक्टरांनी कबड्डी बंद केली होती. त्याने पुन्हा कबड्डीच्या मैदानात पाऊल टाकलं नाही. मुलांना लंगडी शिकवायचा म्हणे.

पुढे एका दुपारी एक अनोळखी गृहस्थ मला शोधत कॉलेजात आले. माणगावाकडचे शेतकरी, स्वच्छ धोतर, हातात छत्री. मैदानावर फक्की टाकून मी हात धूत होतो.

“तुमीच खेळाचे मास्तर ना? माझी मुलगी दामोदर गुरुजींना द्यायचं चाललंय. म्हंटलं जरा चौकशी करावी. मुलाला काय आजार-बिजार?”

“त्यांच्या घरी विचारलंत?”

“इचारलं. बाप म्हनतो, काय बी न्हाय. मंग मी मुलालाच इचारलं. तो बापाकडं बघत राह्यला. निघताना मला पोचवायला बांधापर्यंत आला आनि म्हनला, कॉलेजात सरांना भेटा. ते सांगतील ते खरं धरा.”

मी गोमाजींना शब्द दिला होता. पण शब्द बापाला दिला होता आणि आजार मुलाचा होता. ज्याचा आजार त्यानेच माणूस पाठवला होता, आणि तोही हे जाणून, की मी एकदा ऐकलं ते ऐकलं असंच सांगणारा आहे. स्वतःच्या लग्नाचा निकाल त्याने माझ्या हाती दिला होता. तो निकाल आपल्या बाजूने लागेल अशी त्याला खात्री नव्हती, मलाही नव्हती.

मी हात पुसले, त्यांना टेबलापाशी बसवलं आणि सगळं सांगितलं. सामना, इस्पितळ, घाट, औषधं. शेवटची फिल्म स्वच्छ आल्याचंही सांगितलं, ती मी स्वतः पाहिली होती.

ते छत्रीच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून ऐकत होते. “तुमची पोरगी असती तर दिली असती?”

“मला दोन्ही मुलगेच आहेत. असती तर दिली असती.”

“बापानं लपवलं.”

“हो.”

“पोरानं न्हाय लपवलं.” एवढं म्हणून ते उठले, राम राम केला आणि गेले. देणार की नाही ते बोलले नाहीत.

महिनाभर काही कळलं नाही. मोडलं असणार असं मी धरून चाललो. मग एका संध्याकाळी दामू आला, हातात अक्षता. टेबलावर ठेवल्या, पाया पडला. “यायचं सर,” म्हणाला.

लग्न गोमाजींच्या अंगणातच होतं. मी त्या गावात सामन्याच्या वेळी जेवलो होतो, त्यानंतर पहिल्यांदा जेवायला बसत होतो. मांडवात माणसं माझ्याकडे बघून एकमेकांच्या कानाला लागत होती. पंगत बसली. माझ्या समोरच्या रांगेत गावातले जुने खेळाडू होते. त्यातला एक म्हातारा, पत्रावळीवरचं मीठ सारखं करत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मास्तर, जेवा पोटभर. आमची ढाल तुमी घालवलीत, पन पंगतीला भेद न्हाय.”

काही जण हसले. मी पाण्याचा तांब्या जवळ घेतला.

गोमाजी भाताचं टोपलं घेऊन वाढत येत होते. ते पंगतीच्या मधोमध थांबले. म्हातारे झाले होते, टोपलं कमरेला टेकवलं होतं.

“मास्तरांनी न्हाय घालवली,” ते म्हणाले. “दम तुटला व्हता.”

“आता मास्तर पंगतीला बसलं म्हनून बोलतोस काय, गोमा?” समोरचा म्हातारा म्हणाला. “त्या दिवशी तर तूच अंगावर धावलास.”

“धावलो. लहानपनापासून त्या पोराचा दम मी ऐकत आलोय. तो मधी आचकला ते मास्तरांनी ऐकलं, तसं मी बी ऐकलं. काळजात चर्र झालं.” टोपलं त्यांनी दुसऱ्या कमरेवर घेतलं. “ऐकलं, म्हनूनच तर धावलो.”

गोमाजी माझ्यापाशी आले, वाकले, पत्रावळीवर भात वाढला, मी हात आडवा धरला तरी आणखी एक ओंजळ वाढली, आणि पुढच्या पानाकडे गेले.